चाक रस्त्याला टेकलेलं हवं

जपानच्या फुकुशिमा प्रांतात, निहोनमात्सु शहराजवळच्या डोंगरात एबिसु सर्किट आहे. एकाच आवारात अनेक छोटे-मोठे ट्रॅक, आणि शेजारी चक्क सफारी पार्क. यातला मिनामी नावाचा ट्रॅक ड्रिफ्टच्या जगात एका उंचवट्यासाठी ओळखला जातो. गाडी तिथे येते तेव्हा ती सरळ नसते. मागची बाजू आधीच बाहेर निघालेली असते, पुढची चाकं उलट दिशेला वळवलेली असतात, आणि त्या तिरक्या अवस्थेतच ती क्षणभर जमीन सोडते. चाकं टेकताक्षणी ड्रायव्हरला पुन्हा ॲक्सिलरेटर द्यायचा असतो. पुढे वळण असतं आणि भिंतही फार लांब नसते.

त्या एका क्षणात सस्पेन्शनला सगळी कामं करावी लागतात. हवेत असताना चाकं खाली उतरायला हवीत. टेकल्यावर गाडीचं वजन झेलताना डॅम्परचा, म्हणजे शॉकअब्सॉर्बरचा, दट्ट्या तळाला आपटता कामा नये. दबलेली स्प्रिंग उसळून गाडीला वर फेकणार नाही हेही पाहायचं. आणि हे सगळं होत असताना मागच्या टायरची पकड तुटली तर गाडी फिरते.

या परिसरातल्या एका छोट्या गॅरेजात एक मराठी तंत्रज्ञ काम करतो. पुण्यात डिप्लोमा, चाकणच्या एका कारखान्यात शॉकअब्सॉर्बरच्या चाचणी विभागात नोकरी, संध्याकाळी जपानी भाषेचे वर्ग आणि मग थेट फुकुशिमा, असा त्याचा प्रवास. चाकणला त्याचा दिवस डॅम्पर डायनोसमोर जायचा. हे यंत्र डॅम्परचा दांडा ठरावीक वेगाने वरखाली हलवतं आणि प्रत्येक वेगाला डॅम्पर किती जोर लावून विरोध करतो त्याचा आलेख काढतं. प्रवासी गाडीच्या आलेखात बघायचं काय, हे तिथे पक्कं ठरलेलं होतं. खड्ड्यातून जाताना मागच्या सीटवरच्या आजीला हिसका बसू नये, पाच माणसं आणि बॅगा भरल्या तरी मागची बाजू टेकू नये, आणि लाखभर किलोमीटर झाले तरी तेल गळू नये.

एबिसुला येणाऱ्या गाडीत बहुतेक वेळा एकटा ड्रायव्हर असतो. मागची सीट काढलेली असते. टायर तर काही फेऱ्यांतच संपणार हे धरूनच बसवलेले असतात. तरीही चाकणचा आलेख इथे जसाच्या तसा उपयोगी पडतो, हे त्याला काम करता करता कळत गेलं. गाडी कुठलीही असो, डॅम्परचं काम चाक रस्त्याला टेकवून ठेवण्याचं. ड्रिफ्टमध्ये चाक घसरत असतं, पण घसरतानाही ते रस्त्याला धरून असावं लागतं. घसरणाऱ्या टायरची उरलेली पकड हीच गाडीला पुढे ढकलते.

ड्रिफ्ट हा प्रकार जपानचा. १९७०च्या दशकात कुनिमित्सु ताकाहाशी टूरिंग कारच्या शर्यतींत गाडी वळणाच्या आधीच घसरवून वेगाने बाहेर काढत असे. केइची त्सुचियाने तीच पद्धत डोंगररस्त्यांवर नेली. १९८७ साली त्याच्या ड्रायव्हिंगची व्हिडिओ कॅसेट निघाली आणि जपानभरची पोरं ती बघून घाटात उतरली. पुढे त्सुचिया आणि दाइजिरो इनादा यांनी व्यावसायिक स्पर्धा उभी केली. तिचा पहिला सामना २००० साली एबिसुवरच झाला आणि ती डी१ ग्रां प्री म्हणून ओळखली जाऊ लागली. २००१ चा विजेता नोबुतेरु तानिगुची निसान सिल्व्हिया एस१५ चालवत होता. २००२ चा कात्सुहिरो उएओ टोयोटाची एई८६.

या दोन गाड्या सस्पेन्शनच्या दृष्टीने अगदी निराळ्या. एई८६ ला मागे एकसंध ॲक्सल आहे. तिथे स्प्रिंग एका जागी बसते आणि डॅम्पर दुसऱ्या जागी. त्यामुळे या गाडीसाठी सस्पेन्शनचा संच घेतला तर पुढेच खरा कॉइलओव्हर मिळतो, म्हणजे एकाच नळीवर आटे, आट्यांवर फिरणारी बैठक आणि तिच्यावर बसलेली स्प्रिंग. सिल्व्हियात चारही कोपऱ्यांत स्प्रिंग डॅम्परभोवतीच असते. १९८८ साली आलेली एस१३ ही या घराण्यातली ड्रिफ्टवाल्यांची लाडकी गाडी. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, मागे मल्टिलिंक. वजन बेताचं, ताकद मागच्या चाकांना.

अशीच एक एस१३ घेऊन कोरियामातल्या एका गोदामात काम करणारी तरुणी गॅरेजात आली. आधीच्या मालकाने बसवलेला कॉइलओव्हर संच गाडीत होता. एका कोपऱ्यातून तेल पाझरत होतं आणि गाडी एका बाजूच्या वळणात नीट, तर दुसऱ्या बाजूच्या वळणात अचानक सुटायची. नवीन संचाकडून तिच्या तीन अपेक्षा होत्या: गाडी आणखी खाली बसावी, स्प्रिंग पुढे १२ आणि मागे १० किलोच्या असाव्यात, आणि डॅम्परच्या बटणाला जास्तीत जास्त क्लिक असावेत.

ब्रँडची यादी पुढे ठेवण्याआधी त्याने तिला साधे प्रश्न विचारले. टायर कोणते वापरता? पुढे चांगले, मागे स्वस्तात मिळतील ते. गाडी ट्रकवर घालून आणता की चालवत? चालवत. कुठल्या ट्रॅकवर जास्त वेळ जातो? सध्या किता, पण मिनामीला जायचंय. गाडीत अजून काय बदललंय? एसआर२० टर्बो इंजिन मूळचंच, स्टिअरिंग जास्त वळावं म्हणून पुढचे नकल बदललेले. या उत्तरांनी अर्धी निवड तिथेच झाली, असं तो म्हणतो.

गाडी रस्त्यावर चालवायची म्हणजे दर दोन वर्षांनी जपानच्या वाहन तपासणीतून पास व्हायला हवी. जमिनीपासून किमान ९ सेंटिमीटर अंतर हा तिथला नियम. म्हणजे उंचीला खालची मर्यादा आपोआप आली. पण तपासणी नसती तरी त्याने तिला फार खाली जाऊ दिलं नसतं, आणि त्याचं कारण एस१३ च्या पुढच्या रचनेतच आहे. मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत खालचा आर्म चाकाकडे जाताना साधारण आडवा किंवा किंचित खाली झुकलेला असावा लागतो. गाडी खूप खाली घेतली की तो चाकाकडे वर चढू लागतो. मग ज्या काल्पनिक बिंदूभोवती गाडीचा पुढचा भाग कलतो तो बिंदू जमिनीकडे घसरतो, आणि तोही गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने. दोघांतलं अंतर वाढतं आणि गाडी खाली जाऊनही जास्त कलायला लागते. जास्त कलते म्हणून मालक आणखी कडक स्प्रिंग लावतो आणि एका दुरुस्तीतून दुसरी निघते. लांब बॉल जॉइंट लावून आर्मचा कोन परत आणता येतो, पण आधी उंची शहाणपणाने ठेवली तर तो खर्च मर्यादेत राहतो.

जुना संच बाहेर काढल्यावर दुसरी गोष्ट दिसली. पुढच्या स्प्रिंगची बैठक आट्यांवर इतकी वर चढवलेली होती की चाक हवेत लोंबत असतानाही स्प्रिंग चांगली २५ मिलिमीटर दाबलेली होती. असं केल्याने स्प्रिंग कडक होते, हा समज गॅरेजांत सर्रास आढळतो. सरळ गुंडाळीच्या स्प्रिंगचा कडकपणा दाबून ठेवल्याने बदलत नाही. १० किलोची स्प्रिंग म्हणजे प्रत्येक मिलिमीटर दबायला १० किलो भार हवा, आणि तो पहिल्या मिलिमीटरला जितका तितकाच तिसाव्याला. बैठक चढवल्याने बदलते ती चाकाची खाली उतरण्याची मुभा.

त्याने तिला कागदावर हिशेब मांडून दाखवला. पुढच्या एका कोपऱ्यावर स्प्रिंगला साधारण ३०० किलो पेलायचे असतील, तर १० किलोची स्प्रिंग गाडी उभी असताना ३० मिलिमीटर दबते. त्यातले २५ आधीच दाबून ठेवले, तर गाडी उचलली गेल्यावर चाकाला खाली यायला उरतात फक्त ५ मिलिमीटर. वळणात आतल्या बाजूचं चाक एवढ्यात अधांतरी होतं. मिनामीच्या उंचवट्यावर तर पुढची चाकं जमीन शोधतच राहतील.

म्हणून संच पूर्ण लांबी बदलता येणारा हवा, हे पहिलं ठरलं. या प्रकारात डॅम्परची नळी खालच्या ब्रॅकेटमध्ये आट्यांवर वरखाली फिरते. उंची तिथे बदलायची आणि स्प्रिंगच्या बैठकीला हात लावायचा नाही. गाडी खाली घेतली तरी दट्ट्याची चाल तेवढीच राहते. उंची बदलण्यासाठी फक्त स्प्रिंगची बैठक असलेल्या स्वस्त संचात उंची आणि चाल एकमेकांशी बांधलेली असतात.

आता १२ आणि १० चा प्रश्न. पुढच्या स्ट्रटमध्ये चाक जेवढं हलतं जवळपास तेवढीच स्प्रिंग दबते, त्यामुळे स्प्रिंगवर लिहिलेला आकडा चाकाला साधारण तसाच जाणवतो. मागच्या मल्टिलिंकमध्ये स्प्रिंग चाकाच्या मानाने कमी दबते. चाक १० मिलिमीटर हललं आणि स्प्रिंग ८ मिलिमीटर दबली असं धरलं, तर ०.८ चा वर्ग, ०.६४, हा गुणक स्प्रिंगच्या आकड्याला लागतो. मागची १० किलोची स्प्रिंग चाकाला ६.४ किलोची वाटते, ६ किलोची ३.८४ ची. पुढचे-मागचे आकडे शेजारी ठेवून तुलना करणारे बहुतेक जण हा गुणाकार सोडून देतात.

मागे कडक स्प्रिंग का लावायची, याचंही एक जुनं कारण आहे. कमी ताकदीच्या गाड्यांमध्ये मागचं टोक सहज सुटावं म्हणून ते मुद्दाम कडक ठेवत. आज मोठ्या स्पर्धांतल्या गाड्या उलट दिशेने गेल्या आहेत. प्रचंड ताकद, मागे चिकट रुंद टायर आणि मऊ मागचं सस्पेन्शन, ज्यामुळे ॲक्सिलरेटर दाबल्यावर मागची बाजू बसते आणि टायर रस्त्यात रुततो. गाडी मोठ्या कोनात असूनही पुढे पळते ती याच पकडीवर. या तरुणीच्या गाडीचं इंजिन मूळच्या २०५ हॉर्सपॉवरचं आणि मागचे टायर स्वस्त. १० किलोची स्प्रिंग लावली तर एबिसुच्या जुन्या डांबरावरच्या प्रत्येक उंचसखल जागी मागचं चाक उड्या मारणार, आणि टायरमध्ये आहे तेवढीही पकड वापरता येणार नाही. पुढे ८, मागे ६ असं त्याने सुचवलं. पुढे ८ ची स्प्रिंग ३०० किलोखाली साडेसदतीस मिलिमीटर दबते, १२ ची अवघी २५. म्हणजे या फरकाइतकी खाली उतरण्याची मुभा चाकाला जास्त मिळते.

चाकणच्या सवयीने त्याने वारंवारताही काढली. ८ किलो आणि ३०० किलो वजन धरलं तर गाडीचा पुढचा भाग सेकंदाला साधारण अडीच वेळा हलतो. आरामदायी प्रवासी गाडीत हा आकडा एक ते दीड असतो. ड्रिफ्टसाठी ‘मऊ’ म्हटलेला संचही घरच्या गाडीच्या मानाने चांगलाच कडक असतो, हे तिला त्या आकड्यावरून पटलं.

उरला क्लिकचा मुद्दा, आणि यावर बोलताना तो सर्वांत जास्त वेळ घेतो. डॅम्परच्या दांड्यातून एक बारीक वाट जाते आणि बटण फिरवलं की एक सुई ती वाट कमी-जास्त करते. दट्ट्या हळू हलत असतो तेव्हा तेल या वाटेने जातं, म्हणून बटणाचा परिणाम मुख्यतः हळू हालचालींवर होतो. ड्रायव्हर गाडी डावीकडून उजवीकडे फेकतो तेव्हा वजन एका बाजूवरून दुसरीकडे किती लवकर जातं, ते या हळू हालचालीच ठरवतात. दट्ट्या वेगाने हलला, उदाहरणार्थ कर्बवर चाक चढलं किंवा उडी मारून गाडी टेकली, की ती बारीक वाट पुरत नाही. तेल दट्ट्यावरच्या पातळ पोलादी चकत्या वाकवून जातं. त्या चकत्यांची जाडी आणि रचना कारखान्यात ठरते. बाहेरून बटण कितीही फिरवलं तरी ती फारशी बदलत नाही.

तैवानच्या बीसी रेसिंगच्या बीआर मालिकेत ३० पायऱ्या आहेत, योकोहामाच्या टाइनच्या फ्लेक्स झेडमध्ये १६. यावरून पहिला जास्त बदलतो असं काहीच सिद्ध होत नाही. सुईच्या आकारानुसार पहिल्या दहा पायऱ्यांत आलेख जागचा हलत नाही आणि शेवटच्या चारांत एकदम चढतो, असंही होतं. शिवाय एकाच बटणाच्या डॅम्परमध्ये दबण्याचा आणि उसळण्याचा विरोध सहसा एकत्रच बदलतो, त्यातही उसळण्याचा जास्त. तो ग्राहकाला विक्रेत्याकडून आलेख मागवायला सांगतो. आलेख मिळाला तर आधी डावा आणि उजवा डॅम्पर एकमेकांवर ठेवून बघायचे. तिच्या जुन्या संचातले पुढचे दोन डॅम्पर डायनोवर चढवले तेव्हा एकाच क्लिकवर दोघांच्या रेषा स्पष्टपणे वेगळ्या आल्या. गाडी एकाच बाजूला अचानक का सुटते, याचं उत्तर तिथेच मिळालं.

नळीचा प्रकारही ठरवायचा होता. मोनोट्यूबमध्ये एकाच नळीत तेल आणि त्याच्या टोकाला, सरकत्या दट्ट्यामागे, दाबाखालचा नायट्रोजन असतो. बिलस्टाइनने १९५७ साली मर्सिडीजसाठी हा प्रकार कारखान्यातून निघणाऱ्या गाडीत आणला. तेलात फेस होत नाही आणि नळी थेट हवेत असल्याने उष्णता लवकर निघते. ड्रिफ्टच्या सलग फेऱ्यांत हे महत्त्वाचं. ट्विनट्यूबला बाहेरून दगड लागून पोचा आला तरी आतली नळी शाबूत राहते आणि प्रवास मऊ वाटतो. फ्लेक्स झेड ट्विनट्यूब आहे आणि त्याचा डॅम्पर सीलबंद. बिघडला तर उघडायचा नाही, नवीन घ्यायचा. रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला हा हिशेब सोयीचा पडतो. या तरुणीला मात्र दर हंगामानंतर उघडून सील, तेल आणि गरज पडली तर चकत्याही बदलता येतील असा डॅम्पर हवा होता. म्हणून मोनोट्यूब.

स्प्रिंगचा आतला व्यास ६५ मिलिमीटर आणि गुंडाळी सरळ, हेही त्याने मुद्दाम पाहून घेतलं. हे माप बऱ्याच कंपन्या वापरतात, त्यामुळे उद्या ७ किंवा ५ किलोची स्प्रिंग लावावीशी वाटली तर अख्खा संच बदलावा लागत नाही.

बसवण्याच्या कामात घाई चालत नाही. पुढे वरच्या टोकाला पिलोबॉल असलेली बैठक, जिच्यावर कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, बदलतो. पुढे उणे साडेतीन अंशांपासून सुरुवात, मागे जेमतेम उणे एक, कारण मागच्या टायरचा सपाट भाग रस्त्यावर हवा. कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन, पुढच्या टेन्शन रॉडवरून वाढवायचा. कॅस्टर पुरेसा असेल तर ड्रायव्हरने स्टिअरिंग सोडल्यावर ते आपसूक उलट दिशेला फिरतं, आणि ड्रिफ्ट करणारा याच फिरण्यावर विसंबतो. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून ब्रेकचा होज ताणला जात नाही ना आणि टायर स्प्रिंगला घासत नाही ना, ते बघायचं. आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करूनच आवळायचे. जॅकवर असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. फुकुशिमात हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, म्हणून आटे धुऊन त्यांवर संरक्षक थर द्यायचा, नाहीतर वसंतात चेकनट पान्याला दाद देत नाही.

पहिली चाचणी किता ट्रॅकवर. प्रत्येक डॅम्परच्या दांड्यावर त्याने एक प्लास्टिकचा झिप टाय सैल अडकवला. दट्ट्या जितका दबेल तितका तो सरकतो आणि फेरी संपल्यावर चाल किती वापरली गेली ते पट्टीने मोजता येतं. चारही डॅम्पर पूर्ण कडक करून तिथून मोजत मधोमध आणले. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर तिने आधी बोलायचं, मग त्याने टाय बघायचा, असं ठरलं. ती म्हणाली, दिशा पालटताना मागची बाजू उशिरा येते आणि मग एकदम येते. मागचे डॅम्पर चार क्लिक मऊ केले. मागची बाजू आधी बसायला लागली आणि पालटणं एकसारखं झालं. पुढे हात लावावा लागला नाही. पुढच्या टायने बंप स्टॉपच्या अलीकडे चाल शिल्लक असल्याचं दाखवलं.

हंगाम संपल्यावर डॅम्पर उघडायला पाठवायचे होते. सोबतच्या कागदावर गॅरेजात सहसा ‘ओव्हरहॉल’ एवढंच लिहितात. यावेळी मजकूर तिने सांगितला आणि त्याने जपानीत नीट मांडला: पुढचे दोन्ही जसे आहेत तसेच ठेवा, फक्त सील आणि तेल बदला. मागचे वेगाने दबताना कर्बवर चाक उचलतात, तेव्हा दबण्याच्या बाजूच्या चकत्या एका पायरीने हलक्या करा, हळू हालचालीचा विरोध आहे तिथेच राहू द्या. काम झाल्यावर चारही डॅम्परचे आलेख, डावे-उजवे एकमेकांवर ठेवून, सोबत पाठवा. स्प्रिंग ८ आणि ६ च राहतील. मागे ५ ची जोडी गॅरेजातच ठेवली आहे. मागचे टायर जरा चांगले घेतले, की पहिल्या मोकळ्या दिवशी ती लावून बघायची.